ट्रंकेतलं फडकं आणि छत्तीस नावं

आजच्या एपिसोडमधली वस्तू माझी नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्याकडे आहेत त्या दोन फुटक्या बश्या, एक फुलदाणी आणि काडेपेट्यांची थोडी लेबलं. ही वस्तू कल्याणच्या एका आजींची आहे. त्यांच्या परवानगीने सांगतोय, फक्त नावं कुणाचीच घेणार नाही. त्यांचं नाही आणि ज्याची ती वस्तू खरी होती, त्याचंही नाही. का, ते पुढे कळेल.

झालं असं, की गेल्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी मित्राचा फोन आला. "तुझं ते जपानी भांड्यांचं खूळ अजून आहे का रे? आजीच्या ट्रंकेत काहीतरी जपानी लिहिलेलं सापडलंय." त्यांचं पारनाक्याकडचं जुनं घर रिडेव्हलपमेंटला चाललंय, म्हणून माळा रिकामा करणं सुरू होतं. डोंबिवलीहून कल्याण म्हणजे मध्ये एक ठाकुर्ली. अर्ध्या तासात पोचलो.

ट्रंक लष्करी, हिरवी, वर पांढऱ्या रंगात नंबर. आत बर्मा स्टारचं पदक, पेन्शनचे कागद, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पातळ कापड. टॉवेलएवढं. पिवळं पडलेलं. मधोमध लाल गोल, आणि त्या गोलाभोवती सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर पळणाऱ्या काळ्या शाईच्या ओळी. एका कोपऱ्यात तपकिरी डाग.

आजी म्हणाल्या, "बाबांनी बर्माच्या लढाईतून आणलं. दिवाळीच्या आधी उन्हात घालायचे, परत घडी. आम्हाला वाटायचं नक्षी आहे."

मी म्हटलं, "आजी, ही नक्षी नाही. ही माणसांची नावं आहेत."

आता तिथेच थांबतो, कारण मला हे कसं कळलं ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाही. मी काही जपानी शिकलेला माणूस नाही. बीटेक, रोज ठाण्याला ऑफिस, संध्याकाळी स्टँडअप कॉल. माझी जपानी अक्षरांशी ओळख झाली ती मशिन लर्निंगच्या नादात. तुमच्यातल्या इंजिनिअरांना एमनिस्ट माहीत असेल, हाताने लिहिलेल्या आकड्यांचा डेटासेट. २०१८ च्या शेवटी त्याचाच एक जपानी भाऊ आला, कुझुशिजी-एमनिस्ट. दहा अक्षरं, सत्तर हजार चित्रं, प्रत्येक चित्र २८ बाय २८ पिक्सेलचं. फायनल इयरच्या प्रोजेक्टला आम्ही तोच घेतला. मॉडेल भराभर अचूक व्हायला लागलं, गाइड खूश, आम्ही खूश. व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "हे अक्षर काय आहे?" स्क्रीनवर एक वळवळीत रेघ होती. मला माहीत नव्हतं. मॉडेलला माहीत होतं, मला नाही. ती लाज माझ्या डोक्यात बसली ती बसलीच.

कुझुशिजी म्हणजे काय? शब्दशः मोडलेली अक्षरं. हो, मोडलेली! आपल्याकडे मोडी आहे ना, तसाच हा प्रकार. देवनागरी 'मोडून' भराभर लिहायची म्हणून मोडी, असं आपल्याकडे सांगतात. त्यांच्याकडे चिनी चित्राक्षरं आणि काना मोडून कुंचल्याने एका दमात लिहायची. मोडीत लेखणी उचलायची नाही, आधी डोक्यावरची रेघ ओढून घ्यायची आणि खाली अक्षरं लटकवत जायचं, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. कुझुशिजीत वरून खाली धार लागल्यासारखं लिहायचं, एक अक्षर कुठे संपतं आणि पुढचं कुठे सुरू होतं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. शिवाय एकाच उच्चाराला तीन-चार वेगवेगळे आकार. १९०० साली जपानी शाळांसाठी नियम आला, की एका उच्चाराला एकच आकार. तिथून दोन पिढ्यांत सामान्य जपानी माणसाला स्वतःच्या पणजोबांची पत्रं वाचता येईनात. आपल्याकडे मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत होती, मग गेली. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद पडून आहेत आणि ते सरसर वाचणारी माणसं मूठभर. माझ्या आजोबांकडे जमिनीचा एक मोडी कागद आहे. घरातल्या कुणालाच वाचता येत नाही, तरी तो लॅमिनेट करून ठेवलाय. (लॅमिनेट करू नका हो जुने कागद. कळकळीची विनंती.)

तर ती लाज घेऊन मी नोकरीला लागल्यावर पहिल्या बोनसमधून मुंबईच्या जुन्या बाजारातून एक जपानी फुलदाणी घेतली. विकणारा म्हणाला, "दोनसौ साल पुराना, साहब." मी घासाघीस केली, अडीच हजारांना आणली, आईच्या शिव्या खाल्ल्या आणि रात्री टॉर्च लावून बुडाखाली बघितलं. तळाशी लाल रंगात जपानी अक्षरं, आणि त्यांच्या खाली रोमन लिपीत तीन शब्द: मेड इन जपान.

या तीन शब्दांनी माझी दोनशे वर्षं खाल्ली. कशी, ते ऐका. १८९१ पासून अमेरिकेने सक्ती केली, की आयात मालावर तो कुठल्या देशातला ते लिहिलेलं असलंच पाहिजे. जपानी कारखान्यांनी लिहिलं 'निप्पॉन', म्हणजे त्यांच्या भाषेतलं देशाचं नाव. १९२१ मध्ये अमेरिकन कस्टम्सने सांगितलं, हे चालणार नाही, आमच्या भाषेत 'जपान' लिहा. म्हणजे बुडाखाली 'निप्पॉन' असेल तर साधारण १८९१ ते १९२१, 'जपान' किंवा 'मेड इन जपान' असेल तर बहुतेक त्यानंतरचं. आणि 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असेल तर १९४७ ते १९५२, कारण तेव्हा जपान अमेरिकेच्या ताब्यात होता. कलेशी, मातीशी, भट्टीशी काही संबंध नाही. कस्टम्सच्या नियमाने वस्तूचं वय कळतं! मला हे फार आवडलं. फुलदाणीचं दुःख तिथल्या तिथे विसरलो.

वरच्या लाल अक्षरांसाठी मात्र तीन रात्री गेल्या. पहिलं अक्षर: पाय फाकवून, हात पसरून उभा असलेला माणूस. अर्थ, मोठा. दुसरं: मध्ये एक आडवा गज असलेली खिडकी. सूर्य. तिसरं: झाड, आणि बुंध्याशी एक छोटी रेघ. मूळ. मोठा, सूर्य, मूळ. दाई निप्पॉन, महान जपान. पुढची दोन, नऊ आणि दरी. कुतानी. म्हणजे कुतानी शैलीची भांडी, निर्यातीसाठी ढिगाने केलेली. दरीचं अक्षर मी आधी 'तोंड' म्हणून वाचलं होतं, त्यामुळे एक पूर्ण रात्र 'नऊ तोंडं' नावाचं गाव नकाशावर शोधत होतो.

मग प्रश्न पडला, की अशी भांडी आपल्याकडे आली कुठून? चोरबाजारात मिळतात, कल्याणच्या जुन्या घरांत शोकेसमध्ये असतात, ठाण्यात एका काकूंकडे तर त्यात जिरं ठेवलेलं बघितलंय. उत्तर आहे कापूस. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीने जमशेटजी टाटांच्या साथीने मुंबई ते कोबे अशी बोट सुरू केली. तोवर या मार्गावर पी अँड ओ कंपनीची मक्तेदारी आणि अव्वाच्या सव्वा भाडं. आपला कापूस जपानच्या गिरण्यांना जायचा आणि येताना बोटी रिकाम्या कशाला यायच्या? कापड, काच, खेळणी, भांडी आणि काडेपेट्या. जपानी काडेपेट्यांवर आपले देव असायचे. कोबेत बसून कुणीतरी मुरलीधर छापायचा, मुंबईत विकायला! १९२० च्या दशकात आयात कर वाढला, तेव्हा स्वीडिश लोकांनी इथेच कारखाना काढायचं ठरवलं. १९२३ ची विम्को कंपनी, आणि तिचा कारखाना कुठे, तर आपल्या अंबरनाथला. डोंबिवलीच्या पुढे पाच स्टेशनं. माझ्याकडच्या लेबलांमध्ये जपानी आणि अंबरनाथची शेजारी शेजारी चिकटवली आहेत.

श्रीमंतांचा संग्रह वेगळा. सर रतन टाटांनी जमवलेल्या जपानी आणि चिनी वस्तू १९२० च्या दशकात मुंबईच्या म्युझियमला मिळाल्या, आता ज्याला छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय म्हणतो तिथे. वरच्या मजल्यावर आहेत. बहुतेक लोक मुलांना घेऊन भुसा भरलेले प्राणी बघतात आणि खाली उतरतात. पुढच्या वेळी पाच मिनिटं द्या त्या दालनाला.

आता तारखा. जुनी वस्तू वाचताना निम्मं डोकं तारखेत जातं. जपानी लोक वर्ष लिहितात ते सम्राटाच्या राजवटीचं. मेइजी १८६८ पासून, ताइशो १९१२ पासून, शोवा १९२६ पासून. 'शोवा १७' असेल तर त्यात १९२५ मिळवायचे, १९४२. आपण शकात ७८ मिळवतो, तसंच. शिवाय त्यांचं साठ वर्षांचं चक्र आहे, आपल्या प्रभव, विभव अशा साठ संवत्सरांसारखं. नुसतं चक्रातलं नाव दिलं असेल तर वस्तू १८८० ची की १९४० ची, हे तुम्ही ठरवा.

आणि एक आकडा चुकला की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्या घराजवळच आहे. अंबरनाथचं शिवमंदिर. तिथल्या शिलालेखातला शक आधी ७८२ असा वाचला गेला होता. म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असा दुरुस्त केला, म्हणजे १०६०, शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. एका झिजलेल्या आकड्यासाठी मंदिर दोनशे वर्षं मागे-पुढे! मी तर फुलदाणीवरच दोनशे वर्षं चुकलो होतो, त्यामुळे मला फार बरं वाटलं.

शिलाहारांचा विषय निघालाय तर कान्हेरीला जाऊया. थोडा वळसा आहे, पण आजींच्या फडक्याशी त्याचा संबंध आहे. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली ही लेणी साष्टी बेटावरची, जुन्या ठाणे जिल्ह्यातली. तिथे ब्राह्मीत लिहिलेले बरेच लेख आहेत आणि ते बहुतेक दानाचे आहेत. कुणी लेणं दिलं, कुणी बाक दिला, कुणी पाण्याची पोढी खोदून दिली. आणि देणारे कोण? त्यांतले कितीतरी जण कल्याणचे. लेखात 'कलियण' असं येतं. कल्याणचा सोनार, कल्याणचा लोहार, व्यापारी, त्यांच्या बायका-मुली. दोन हजार वर्षांच्या आसपास झाली, राजेरजवाडे पुस्तकात गेले, पण या सोनाराने पोढीपाशी स्वतःचं नाव कोरून घेतलं म्हणून आज तो आपल्याला माहीत आहे. कल्याण-सीएसएमटी फास्टमध्ये उभा असताना मला तो अधूनमधून आठवतो. तोही अपडाउनच करत असणार.

यातले अनेक लेख 'सिद्धम्' या शब्दाने सुरू होतात, त्या काळच्या प्राकृतात 'सिधं'. आपण मराठीत सुरुवातीला 'ओनामा' म्हणतो, तो शब्द 'ॐ नमः सिद्धम्' वरून आला. पूर्वी मूल पाटीवर पहिल्यांदा हेच गिरवायचं. आता गंमत बघा. सहाव्या-सातव्या शतकानंतर भारतातली जी लिपी चीनमार्गे जपानला गेली, तिचं नावच सिद्धम्. कूकाई नावाचा जपानी भिक्षू ८०४ साली चीनला गेला, तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकला, ८०६ मध्ये ही विद्या घेऊन परत आला. भारतात ती लिपी बदलत बदलत संपली. जपानमध्ये अजून चालू आहे! मंदिरातल्या लाकडी पट्ट्यांवर, थडग्यांवर, तलवारीच्या पात्यावरसुद्धा एखादंच मोठं अक्षर असतं. 'अ' किंवा 'ह्रीः'. बीजाक्षर. तुम्ही संग्रहालयात जपानी तलवारीवर असं काही बघितलंत, तर ते जपानी नाही, ते आपल्याकडचं आहे.

त्यांची वर्णमालाही बघा. अ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या क-च-त-न-प-म-य-र-व च्या जागा पकडूनच ते बसलेत. 'च' च्या जागी 'स' आहे आणि 'प' च्या जागी 'ह', कारण जुन्या जपानीत त्या जागेचे उच्चार वेगळे होते, पुढे घसरले. हा क्रम सिद्धम् शिकणाऱ्या भिक्षूंनी लावला. म्हणजे मी ज्या दहा अक्षरांवर मॉडेल ट्रेन केलं होतं, त्यांचे लेबल शून्य ते नऊ होते ओ, कि, सु, त्सु, ना, हा, मा, या, रे, वो. हाच क्रम! एकेका ओळीतलं एकेक अक्षर. क-ख-ग येणाऱ्या मुलाला हे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. मला सहा वर्षांनी दिसलं.

कान्हेरीत पहलवी लिपीतले लेखही आहेत, १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी पाहुण्यांचे. आणि एका लेण्यात एक जपानी लेख आहे, 'नमु म्योहो रेंगे क्यो'. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाला नमन, निचिरेन पंथाचा मंत्र. त्यातला 'नमु' म्हणजे आपलं 'नमः'. अलीकडच्या काळातल्या कुणा जपानी बौद्धाने इथवर येऊन तो कोरलाय. कोरू नये हे खरंच, आज कुणी केलं तर मी पहिला तक्रार करीन. पण तो लेख बघून मी बराच वेळ तिथे उभा होतो. माणूस लांब गेला, की त्याला कुठेतरी लिहावंसं वाटतं.

तर आता परत कल्याणला, आजींच्या ट्रंकेकडे.

त्या कापडाला जपानीत योसेगाकी हिनोमारू म्हणतात. हिनोमारू म्हणजे सूर्याचा गोल, त्यांचा झेंडा. योसेगाकी म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहिलेलं. दुसऱ्या महायुद्धात गावातला मुलगा भरती होऊन निघाला, की घरचे, शेजारी, शाळेतले मास्तर, कारखान्यातले सोबती, सगळे एका झेंड्यावर सही करायचे. मुलगा तो घडी करून अंगावर, कपड्यांच्या आत ठेवायचा. वर चार मोठी अक्षरं असतात, 'बुउन चोक्यू', म्हणजे युद्धातलं नशीब चिरकाल टिको. आजींच्या फडक्यावर ती चार अक्षरं स्पष्ट होती. मला सगळ्यात आधी तीच वाचता आली आणि माझ्या पोटात गोळा आला. हा झेंडा आपल्याकडे आहे म्हणजे त्या मुलाचं काय झालं, ते वेगळं सांगायला नको.

आजींचे वडील साताऱ्याकडचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते, लढाईनंतर रेल्वेत लागले आणि कल्याणला आले. त्यांची बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपूरमध्ये संगशाकला होती. शाळेत आपल्याला संगशाक शिकवत नाहीत. जपान्यांनी बर्मातून इंफाळ आणि कोहिमावर चाल केली, त्या वाटेवरचं हे टेकडीवरचं गाव. पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडसोबत ही मराठा बटालियन २२ ते २६ मार्च तिथे अडून राहिली. प्यायला पाणी जवळजवळ नाही, विमानातून टाकलेलं सामान निम्मंअधिक शत्रूच्या बाजूला पडलं. शेवटी रात्री तुकड्या-तुकड्यांनी बाहेर पडले. पण त्या दिवसांनी जपान्यांचा कोहिमाकडचा वेग मोडला. समोर होती जपानची अठ्ठावन्नावी रेजिमेंट. ती उभारली होती निइगाता प्रांतात, ताकादा नावाच्या गावी. हा तपशील लक्षात ठेवा.

मी कापडाचे फोटो काढले. जपानमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये 'मिवो' नावाचं फुकट अॅप काढलंय, कुझुशिजीचा फोटो टाकला की छापील अक्षरं देतं. मोठ्या उत्साहाने टाकला. अॅपने काहीच्या काही वाचलं. चूक अॅपची नाही. ते शिकलंय एडो काळातल्या जुन्या पुस्तकांवर, हे होतं १९४० च्या दशकातलं, वेगवेगळ्या माणसांनी कापडावर, शाई पसरत असताना लिहिलेलं. इंजिनिअर मंडळी याला डोमेन शिफ्ट म्हणतात. माझी आई म्हणते, "कोकणी म्हशीला घाटावरचं गवत."

मग हाताने. रोज जेवणानंतर एक-दोन नावं. कापडावर एकूण छत्तीस सह्या. काही ठसठशीत, शाळेतल्या सुवाच्य हस्ताक्षरासारख्या. काही म्हाताऱ्या माणसाच्या, सगळं एका झटक्यात ओढलेलं, त्यांनी माझा जीव घेतला. दोन सह्या फक्त सोप्या काना अक्षरांत होत्या, मोठ्या, थोड्या वाकड्या. बहुतेक लहान मुलांच्या. धाकटी भावंडं असतील.

एका कडेला दोन अक्षरं होती, उंच आणि शेत. उंच म्हणजे दोन मजली घरासारखं अक्षर, शेत म्हणजे चौकोनात अधिकचं चिन्ह, बांध घातलेलं शेतच. वाचायचं ताकादा. आता जपानीत ताकादा आडनावही असतं आणि गावही. पुढचं अक्षर डागात होतं. आडनाव असेल तर काहीच कळत नाही, गाव असेल तर सगळं कळतं. दोन आठवडे अडकलो. शेवटी फोटोतला निळा चॅनल वेगळा काढला, कॉन्ट्रास्ट वाढवला, तेव्हा डागाखालून पुसटसं 'शहर' या अर्थाचं अक्षर वर आलं. आणि त्याच ओळीच्या वरच्या टोकाला, जे मी आधी कुणाचं तरी नाव समजत होतो, ते होतं निइगाता. प्रांत, मग शहर, मग शाळेचं नाव. शेजारी तारीख, शोवा १७. १९४२.

ताकादा आता जोएत्सू शहराचा भाग आहे. हिवाळ्यात तिथे माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढा बर्फ पडतो. तिथला एक मुलगा, शाळा सोडून फार वर्षं झालेली नसणार, मणिपूरच्या एका टेकडीवर साताऱ्याच्या एका मुलासमोर आला. दोघांमध्ये नेमकं काय झालं, झेंडा कुणाच्या हातून कुणाकडे गेला, ते आजींच्या वडिलांनी घरात कधीच सांगितलं नाही. त्या मोहिमेत जपानचे सुमारे पंच्याऐंशी हजार सैनिक उतरले होते, त्यांतले तीस हजारांच्या आसपास मेले, आणि फार मोठा भाग गोळीने नाही, भुकेने आणि रोगाने.

मधोमध, लाल गोलाच्या उजवीकडे, त्या मुलाचं नाव आहे. आडनाव वाचता आलं, नावातलं एक अक्षरही. ते इथे सांगत नाहीये, कारण त्याच्या घरच्यांच्या आधी ते आपल्याला कळावं, हे बरोबर नाही.

अमेरिकेत ओरेगनमध्ये ओबोन सोसायटी म्हणून एक संस्था आहे. २००९ पासून असे झेंडे जपानी कुटुंबांना परत करण्याचं काम करते. त्यांनी अनेक झेंडे घरी पोचवलेत. कित्येक घरांना तेवढीच एक वस्तू मिळते, कारण सैनिकाचं शरीर परत आलेलंच नसतं. मी आजींना हे सांगितलं आणि घरात दोन तट पडले.

मित्राचे काका म्हणाले, "आजोबांनी जिवावर उदार होऊन आणलेली वस्तू आहे. ती आपली आहे. ते ब्रिटिशांच्या म्युझियममधलं कोहिनूर आधी परत आणा, मग बोला." मला राग आला, पण नीट विचार केल्यावर त्यांचंही कळलं. त्या माणसाकडे त्या लढाईचा दुसरा काय पुरावा होता? एक पदक, थोडी पेन्शन, आणि हे. दुसऱ्या एका नातेवाइकाने असे झेंडे लिलावात किती डॉलरला जातात ते शोधून ग्रुपवर टाकलं. त्यावर कुणीच रिप्लाय दिला नाही, निळ्या टिका मात्र सगळ्यांच्या आल्या. मला विचाराल तर परत द्यावं. पण मी बाहेरचा, सही वाचून देणारा कारकून. माझं मत कुणी विचारलं नाही आणि मीही दिलं नाही. इथे देतोय.

शिवाय कायद्याचं एक लचांड आहेच. १९७२ च्या अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स कायद्यानुसार शंभर वर्षांवरची कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. हे कापड शंभरचं नाही. पण ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज असेल, तर मर्यादा पंच्याहत्तर वर्षांचीच आहे. मग छत्तीस सह्यांचा झेंडा कापड आहे की दस्तऐवज? पुरातत्त्व खात्याकडून 'ही पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र घेता येतं, त्यांचं मुंबई मंडळाचं ऑफिस सायनच्या किल्ल्यापाशी आहे. द्यायचं ठरलं, तर पोस्टात टाकण्याआधी तिथे जाणार.

तोवर आजींनीच मधला मार्ग काढला. "फोटो पाठव. घर सापडू दे. मग त्यांना विचारू, तुम्हाला हवंय का." म्हणून फोटो, मापं आणि मी वाचलेली एकवीस नावं पाठवली आहेत. उरलेली पंधरा त्यांच्याकडचे जाणकार वाचतील, माझ्या चुकाही काढतील.

परवा परत गेलो होतो. आजींनी नावं मोठ्याने वाचायला सांगितली. मी एकेक वाचत गेलो, त्या माझ्या मागून म्हणत गेल्या, सत्यनारायणाच्या पूजेत भटजींच्या मागून म्हणतात तशा. त्या दोन मुलांच्या सह्यांपाशी त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं, "ही असतील का रे अजून? माझ्याच वयाची असतील."

मी म्हटलं, असू शकतात.

मित्राची आई म्हणाली, पाठवायचं झालं तर आधी ड्रायक्लीनला देऊ, तो डाग बरा दिसत नाही. आजींनी कापड पटकन स्वतःकडे ओढून घेतलं.

"धुवायचं नाही," म्हणाल्या. "तो डाग कुणाचा आहे, आपल्याला ठाऊक नाही."